परक्या गावात पहिला हात कुणी दिला? (अनुभव धागा)

निर्गुंडी

भाचीचा फोन आला होता. नवऱ्याच्या नोकरीमागून ती डिसेंबरात इकडे कॅनडात ब्रॅम्प्टनला येतेय, दीड वर्षाच्या मुलाला घेऊन. "मावशी, तिथे माझ्या ओळखी कशा व्हायच्या गं?" मी सांगत सुटले आणि मग लक्षात आलं, यातलं निम्मं कुठल्याच माहितीपत्रकात नाही. म्हणून हा धागा. नव्या गावात किंवा देशात तुमच्यासाठी सरकारने, वाचनालयाने, मंडळाने, शेजाऱ्यांनी काही चालवलं असेल तर त्याचा खराखुरा अनुभव लिहा. फसलेला असेल तर आधी लिहा.

माझ्यापासून सुरुवात. २०१९ च्या जानेवारीत आम्ही मिसिसागाला आलो. कायम रहिवासाचे कागद होते, म्हणून 'लिंक'च्या इंग्रजी वर्गात फुकट जाता आलं. केंद्र सरकारच्या पैशाने १९९२ पासून चालतात हे वर्ग. आधी ऐकणं, बोलणं, वाचणं, लिहिणं असं चारही तपासतात. माझं वाचन-लेखन बरंच वर निघालं, ऐकणं मात्र पार खाली. बारा वर्षं ऑफिसात इंग्रजी पत्रं लिहिलेली बाई मी, आणि बँकेतून फोन आला की नवऱ्याकडे द्यायचे!

पण खरी शाळा झाली ती 'अर्लीऑन'मध्ये. ऑन्टारिओत सहा वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी ही केंद्रं असतात, पैसे पडत नाहीत. मुलाला सोडून निघून जायचं नाही, आपणही बसायचं. पहिल्या दिवशी निघताना लेकीला थंडीचे कपडे चढवता चढवता मीच घामाघूम. आधी जॅकेट घातलं, मग वरून ती फुगीर पँट बसेना, बूट तर त्याहून नाही. लेक भोकाड पसरून बसलेली. शेजारी एक सोमाली आजी होत्या. त्यांनी काही न बोलता सगळं उतरवलं. पँट, बूट, मग जॅकेट जमिनीवर उताणं पसरलं, गळा लेकीच्या पायांकडे. तिला वाकून दोन्ही हात बाह्यांत घालायला लावले आणि एका झटक्यात जॅकेट डोक्यावरून मागे. झालं! लेक हसायला लागली, मी रडायला. त्या आजींची आणि माझी इंग्रजी मिळून चाळीस शब्दांची असेल, पण पुढचं वर्षभर मंगळवार आमचा.

भाचीला 'लिंक' मिळणार नाही, ते लोक वर्क परमिटवर येताहेत. वाचनालयातल्या गप्पांच्या गटात मात्र कुणी कागद विचारत नाही. अर्लीऑनमध्येही नाही.

घरजावई_स्टुटगार्ट

नावावरून कळलंच असेल. नोकरी बायकोची, मी मागून आलेलो, २०१७ साली. नवीन आलेल्यांसाठीचा सरकारी 'इंटिग्रेशन कोर्स' म्हणजे ६०० तास भाषा आणि १०० तास जर्मनीचा इतिहास, कायदे, राज्यव्यवस्था. शेवटी ३३ प्रश्नांची परीक्षा, १५ बरोबर आले की पास. प्रश्न आधीच छापलेले असतात, पाठ करून कुणीही सुटतो. आमच्या वर्गात दोन सीरियन दंतवैद्य, एक एरिट्रियन ड्रायव्हर, एक ब्राझीलची नर्तकी आणि हा कोल्हापूरचा मेकॅनिकल इंजिनियर.

मला जन्मभर पुरलेला धडा पुस्तकातला नव्हताच. बाईंनी एक अख्खा दिवस करार रद्द करण्याचं पत्र लिहायला शिकवलं. तेव्हा मोबाईलचा करार मुदतीआधी लेखी रद्द केला नाही तर आपोआप वर्षभर वाढायचा (डिसेंबर २०२१ पासून कायदा जरा माणसात आलाय). वर्गातल्या अठरापैकी अकरा जण कुठल्या ना कुठल्या करारात अडकलेले निघाले. मी जिमच्या. मी जिममध्ये दोनदा गेलो होतो.

वर्गाचा जाचही होताच. रोज सकाळी साडेआठ ते पाऊण, नऊ महिने. तेवढ्या काळात "तू दिवसभर करतोस काय?" हा प्रश्न आईने फोनवर किती वेळा विचारला याची मोजदाद नाही.

टोकियोकर

टोकियोच्या एदोगावा वॉर्डातलं निशिकासाई आता भारतीय वस्ती म्हणूनच ओळखलं जातं. मराठी माणूस योगेंद्र पुराणिक २०१९ मध्ये त्या वॉर्डाच्या परिषदेवर निवडून आले, तेव्हा इकडच्या पेपरांतही आलं होतं. मी गेले २००८ मध्ये. सरकारी कोर्स वगैरे नाही, वॉर्डाच्या सभागृहात निवृत्त मंडळी आठवड्यातून एकदा जपानी शिकवत. फी नावापुरती.

एक दिवस दाराच्या मुठीला पिशवी लटकवलेली दिसली. आत क्लिप लावलेली पाटी आणि चार-पाच कागद. वाटलं, जाहिरात असेल. चपलांच्या कपाटावर ठेवून दिली. नऊ दिवस. शेजारच्या आजी जिन्यात भेटल्या की हसायच्या, पण काहीतरी राहिलंय असं त्यांच्या तोंडावर दिसायचं. शेवटी पाटी वर्गात नेली. आमचे सेन्सेई, म्हणजे शिक्षक, बँकेतून निवृत्त झालेले. त्यांनी ती पाहिली आणि दातांतून 'स्स्स' असा श्वास ओढला. तेव्हा मला पुरेसं जपानी येत नव्हतं, पण त्या 'स्स्स'चा अर्थ कळला. ती 'कायरानबान' होती. मोहल्ल्याच्या सूचना त्या पाटीवर घरोघर फिरतात. वाचायचं, आपला शिक्का मारायचा, पुढच्या दाराला लटकवायची. अख्ख्या मजल्याच्या सूचना माझ्या चपलांवर अडकल्या होत्या!

त्या दिवसापासून सेन्सेईंनी पाठ्यपुस्तक मिटलं. महिन्याची पाटी आली की माझा धडा तोच. गटार सफाई, मोठा कचरा कधी न्यायचा, आपत्तीची कवायत. कवायतीला गेले. अग्निशमन दलाचा भूकंपाचा ट्रक असतो, त्यात टेबलाखाली बसवून गदागदा हलवतात. नंतर कोरड्या भाताची पाकिटं वाटली. उकळतं पाणी घातलं तर पंधरा मिनिटं, थंड घातलं तर तासभर. चवीच्या भातात माशाचं पाणी असू शकतं, शाकाहारी असाल तर साधा पांढरा उचला. हे मला तिथल्याच एका गुजराती बाईंनी सांगितलं.

११ मार्च २०११ ला दुपारी जमीन हलायची थांबली तेव्हा माझं दार पहिल्यांदा वाजवलं ते शेजारच्या त्याच आजींनी.

कुंपणाबाहेर

मी मंडळाबद्दल लिहितो, कुणी रागावलं तरी. अमेरिकेतल्या एका मध्यम शहरात आलो, बायको एच-फोरवर, म्हणजे नोकरदाराच्या जोडीदाराच्या व्हिसावर. मंडळाच्या दिवाळीला गेलो. दारात वर्गणीचा फॉर्म, मग "कुठली कंपनी?", मग "पुण्यात कुठे?" मी परभणीचा. संभाषण तिथेच संपलं. नाटक, फराळ, ढोल-ताशा सगळं झकास. पण गाडी शिकायला कुठे जायचं, दाताचा डॉक्टर कुठला, हे सांगायला चार तासांत एक माणूस थांबला नाही.

पितळी_डबा

@कुंपणाबाहेर, मी दुसऱ्या गावच्या कमिटीत आहे, पण हे चित्र ओळखीचं आहे. आम्ही 'नवीन आलेल्यांचं स्वागत' असा कार्यक्रम ठेवला होता. भाषणं, ओळखपरेड, केळीच्या पानावर जेवण. नवीन आलेली कुटुंबं दोन, जुनी तीस. त्या दोघांची अवस्था मुलगी बघायला आल्यासारखी.

चाललं ते वेगळंच. परत भारतात जाणाऱ्यांच्या वस्तू आम्ही आमच्या गराजमध्ये ठेवायला लागलो. सध्या गाद्या तीन, पाळणे दोन, टेबल एक, हीटर चार आणि एक पुरणयंत्र. नवीन माणूस गादी न्यायला येतो, चहा होतो, मग दाताचा डॉक्टर आपोआप निघतो. नवऱ्याला मात्र पाच वर्षं गाडी बाहेर बर्फात लावावी लागतेय.

विटेकर_गलाई

तुमच्यासारखा परदेशात नाही, पण नऊ वर्षांच्या पोराला त्रिशूरसुद्धा परदेशच होतं. आम्ही सांगलीच्या खानापूर तालुक्यातले. सोनं-चांदी गाळायचा धंदा, म्हणजे गलाई. आमच्या भागातली माणसं देशभर याच कामात. १९९४ मध्ये वडिलांनी मला तिकडे नेलं. खोलीत भट्टी, मूस, तेजाबाचा वास, आणि शाळेत मल्याळम. पहिलं सहामाही मी मुकाच.

तेव्हा कुठला कार्यक्रम नव्हता. पण केरळात गावोगावी वाचनालयं आहेत, पी. एन. पणिक्कर यांनी १९४५ साली उभ्या केलेल्या ग्रंथशाळा संघापासूनची परंपरा. आमच्या गल्लीच्या टोकाला एक होतं. तिथले म्हातारे मला रोजच्या पेपरातला फोटो दाखवायचे आणि खालची ओळ वाचून घ्यायचे. चुकलो की पुन्हा. फुटबॉलच्या फोटोंवर मी अक्षरं शिकलो.

आता माझं दुकान पेरुंबावूरला. तिथे प्लायवूडचे कारखाने, आसाम-बंगाल-ओडिशाचे हजारो कामगार. २०१७ मध्ये राज्याच्या साक्षरता मिशनने त्यांना मल्याळम शिकवायला तिथेच 'चंगाती' सुरू केलं. चंगाती म्हणजे दोस्त. मीही काही रविवार शिकवायला गेलो. सांगलीचा माणूस बंगाल्याला मल्याळम शिकवतोय, तेही हिंदीतून! पहिल्या रविवारी बारा जण, तिसऱ्याला चार. बाकीचे झोपलेले. सहा दिवस बारा तास लाकूड ओढल्यावर रविवारी अक्षरं कोण गिरवणार? मग आम्ही पाटीवर बसच्या पाट्या लिहायला लागलो. आलुवा, कोतमंगलम, अंगमाली. ते शिकायला पुन्हा नऊ जण जमले.

अलिबागची_नात

छोटासाच. आजीची बहीण १९६० च्या दशकात इस्रायलला गेली, वाळवंटातल्या दिमोनाला. आम्ही बेने इस्रायल, म्हणजे कोकणातले मराठी बोलणारे ज्यू. हिब्रूच्या 'उल्पान' वर्गात शेजारी मोरोक्कोच्या बायका, शिकवणाऱ्या बाईंना मराठी येत नाही, हिला त्या बायकांची फ्रेंच येत नाही. हिब्रूतला पहिला शब्द तिने बाजारात भांडून शिकला असं सांगायची. कुठला ते मात्र मरेपर्यंत सांगितलं नाही.

निर्गुंडी

काय एकेक लिहिलंय! @पितळी_डबा, गराजची कल्पना मी ढापतेय. @टोकियोकर, तो 'स्स्स' मला ऐकू आला.

भाचीला धागा पाठवला. तिचं उत्तर एवढंच: "मावशी, जॅकेटचा व्हिडिओ कर ना." लेक आता मोठी झालीय, "मी काय बाळ आहे?" म्हणून उभीच राहिली नाही. शेवटी उशीला घालून दाखवलं.