बजेटपेक्षा जास्त कमावूनही सिनेमा फ्लॉप कसा?

निशाचर: बरेच दिवस डोक्यात घोळतंय. समजा बजेट १०० आणि कमाई १५०, तरी बातम्यांमध्ये सिनेमा आपटला म्हणतात, हे गणित कसलं? आणि एकदा पडला की त्या दिग्दर्शकाचं पुढे काय होतं? मला मनापासून आवडलेले सिनेमे पडतात तेव्हा फार वाईट वाटतं म्हणून विचारतेय.

गल्लेवाला: तो १५० म्हणजे ग्रॉस, तिकीटबारीवर जमलेला सगळा गल्ला. त्यातनं टॅक्स जातो, थिएटरवाल्याचा वाटा जातो, डिस्ट्रिब्युटरचं कमिशन जातं आणि उरेल ते निर्मात्याचं, ढोबळमानाने निम्म्याच्या आसपास धरा. त्यात छापून येणाऱ्या बजेटमध्ये पब्लिसिटीचा खर्च बऱ्याचदा धरलेलाच नसतो. म्हणून दुप्पट-अडीचपट धंदा झाला तरच खर्च निघाला म्हणतात. तुमच्या उदाहरणात ७५ हातात आले, मग खड्डाच की. टीव्ही आणि ओटीटीचे हक्क आधीच चांगल्या भावात गेले असतील तर वाचला.

जुनी रीळ: दिग्दर्शकाचं म्हणाल तर १९५९ ला 'कागज के फूल' पडला आणि त्यानंतर गुरुदत्तने दिग्दर्शक म्हणून स्वतःचं नाव कधीच लावलं नाही. पुढच्याच वर्षी 'चौदहवीं का चाँद' जोरात चालला, पण त्यावर तो निर्माता, दिग्दर्शक एम. सादिक. मला याचं अजून वाईट वाटतं. राज कपूर 'जोकर'मुळे कर्जात गेला पण १९७३ ला 'बॉबी'ने वर काढलं, कारण बॅनर घरचं, दुसरी संधी स्वतःच स्वतःला देता आली. नवख्याला कोण देणार?

क्लायमॅक्स: बाहेरही तेच. मायकेल चिमिनोला 'डीअर हंटर'साठी ऑस्कर मिळालं, लगेच १९८० ला 'हेवन्स गेट', खर्च साधारण ४.४ कोटी डॉलर आणि अमेरिकेतली कमाई ३५ लाखांच्या आसपास. तो काढणारी युनायटेड आर्टिस्ट्स ही अख्खी कंपनी १९८१ ला विकली गेली आणि चिमिनोचा पुढचा सिनेमा यायला १९८५ उजाडलं. पण 'शॉशँक रिडेम्प्शन' १९९४ ला थिएटरात चालला नव्हता, नंतर व्हिडिओवर आणि टीव्हीवर लोकांनी डोक्यावर घेतला. म्हणून पहिल्या आठवड्याच्या आकड्यावरून सिनेमा वाईट ठरवू नका प्लीज.

कट टू: मी असिस्टंट म्हणून काम केलंय. स्टारचे पैसे बहुतेक आधीच पोचलेले असतात, सिनेमा पडला की शेवटचा हप्ता अडकतो तो एडिटर, असिस्टंट, लाइटवाले यांचा, आणि त्यांच्याबद्दल कोणी लिहीत नाही. शिवाय छोट्या सिनेमाला वेळच मिळत नाही हो, शुक्रवारचे शो रिकामे गेले की संध्याकाळचा शो काढून सकाळी ९ ला टाकतात, तेव्हा कोण येणार, मग कलेक्शन नाही म्हणून सोमवारी तोही बंद, तोवर कुणीतरी मित्राला सांगतोय की बघ, छान आहे, तर बघायला शोच नाही.

निशाचर: बाप रे, हे माहीतच नव्हतं. मी नेहमी दुसऱ्या आठवड्यात निवांत जाते. म्हणजे पहिल्या शनिवार-रविवारी जायला हवं?

कट टू: शुक्रवारी जमलं तर उत्तम, नाहीतर शनिवारचं तिकीट आधीच काढून ठेवा. ॲडव्हान्स बुकिंग बघूनच शो वाढवायचे की उडवायचे ते ठरवतात.