ऑक्सिमीटरचा नेमका कोणता आकडा खरा धरायचा?

रानजाई
वडील (वय ६४) कोविड पॉझिटिव्ह आहेत. लक्षणं सुरू होऊन आज सहावा दिवस. डॉक्टरांच्या सल्ल्याने घरीच वेगळ्या खोलीत आहेत. ताप १००-१०१, दम लागत नाही. ऑक्सिमीटर मात्र पाच मिनिटांत ९७, ९२, ९५ असं काहीही दाखवतो, दोन हातांचे आकडेही वेगळे. कोणता धरायचा? आणि कितीला दवाखाना गाठायचा? एका नातेवाइकांनी स्टेरॉइड आत्ताच सुरू करा म्हणून सांगितलंय, त्याचं काय?

उत्तररात्र
आधी मोजायची पद्धत बघा, बहुतेक वेळा गोंधळ तिथेच असतो.

त्यांना पाच मिनिटं शांत बसवा, बोलू देऊ नका. हात गार असतील तर चोळून किंवा कोमट पाण्यात धरून गरम करा आणि कोरडे पुसा. तर्जनी किंवा मधलं बोट थेट आतल्या टोकाला टेकेपर्यंत घाला, नख वरच्या बाजूला. हात छातीवर किंवा टेबलावर टेकलेला हवा, अधांतरी नको. पहिले १०-१५ सेकंद येणारे आकडे सोडूनच द्या. शेजारची उडणारी पट्टी एका लयीत आली आणि आकडा किमान पाच सेकंद हलला नाही, की तो लिहून घ्या. स्थिर आकडे दोन-तीन आले तर त्यातला मोठा धरा, कारण बोट हललं किंवा गार असलं की चूक बहुधा खालच्या बाजूला होते. पण मनासारखा आकडा मिळेपर्यंत दहाही बोटं तपासत बसू नका. एक बोट ठरवा आणि रोज तेच वापरा.

असं का होतं, तर यंत्र बोटातून लाल आणि अवरक्त असा दोन प्रकारचा प्रकाश सोडतं आणि नाडीच्या ठोक्याबरोबर त्यात जो बदल होतो त्यावरून ऑक्सिजन काढतं. गारठलेल्या बोटात ठोकाच क्षीण असतो, मग बोटाची जराशी हालचालही यंत्राला ठोक्यासारखी वाटते. म्हणून शंका आली की मनगटावर ३० सेकंद नाडी मोजा, दुप्पट करा आणि यंत्रावरच्या नाडीशी ताडून बघा. दोन्हींत मोठा फरक असेल तर तो ऑक्सिजनचा आकडाही रद्द.

काजवा
वरच्या प्रतिसादाशी पूर्ण सहमत. दोन चुका फार सर्रास होतात, त्या सांगतो. समोर बसलेल्या माणसाच्या बोटावरचं यंत्र आपल्याला उलटं दिसतं, आणि इंग्रजी आकड्यांतला ९८ उलटा वाचला की ८६ होतो! ८६ चा ९८ सुद्धा होतो, आणि ते जास्त धोक्याचं. यंत्रावरची अक्षरं सुलट दिसतील असेच उभे राहा. दुसरी चूक म्हणजे नाडीचा आकडा ऑक्सिजनचा समजणं. एसपीओटू किंवा टक्क्याचं चिन्ह ज्याच्याजवळ आहे तो ऑक्सिजन.

नेलपॉलिश आणि गडद मेंदी असेल तर दुसरं बोट घ्या. सेल उतरले की आकडे भरकटतात. मोबाइलच्या कॅमेऱ्यावर ऑक्सिजन दाखवणारी अॅप्स अजिबात वापरू नका.

मध्यलय
आता आकड्यांचा अर्थ. चांगल्या यंत्राच्या मापातही दोन-तीन टक्क्यांचा फरक असू शकतो, त्यामुळे ९७ चा ९६ झाला तर काळजी नको. नीट मोजूनही ९४ च्या खाली येत असेल तर त्याच दिवशी डॉक्टरांना फोन. ९० च्या खाली असेल तर फोनाफोनीत वेळ घालवू नका, थेट हॉस्पिटल. (फुप्फुसाचा जुना आजार असेल तर मर्यादा वेगळी असते, ती डॉक्टरांकडून आधीच विचारून ठेवा.) गडद त्वचेवर यंत्र खऱ्यापेक्षा जास्त ऑक्सिजन दाखवू शकतं, हे अभ्यासांतून पुढे आलं आहे. म्हणून सीमेवरचा आकडा ‘चालेल’ म्हणून सोडू नका.

‘दम लागत नाही’ यावर मात्र विसंबू नका. या आजारात ऑक्सिजन बराच खाली गेला तरी माणूस गप्पा मारत बसलेला असू शकतो. पाचव्या ते दहाव्या दिवसात प्रकृती अचानक ढासळू शकते आणि तुम्ही नेमके त्याच टप्प्यात आहात. त्यांना न सांगता पूर्ण एक मिनिट श्वास मोजा. शांत बसलेले असताना २४ किंवा जास्त भरले तर ऑक्सिजन चांगला दिसला तरी डॉक्टरांना कळवा.

चालण्याची चाचणीही करा. बसून आकडा घ्या, सपाट जमिनीवर नेहमीच्या वेगाने सहा मिनिटं चालवा, लगेच पुन्हा मोजा. साठीच्या पुढे तीन मिनिटंही पुरतात. आकडा ९४ च्या खाली आला किंवा तीनपेक्षा जास्तने उतरला तर डॉक्टरांना कळवा. बसल्या जागीच ९४ च्या खाली असेल किंवा धाप असेल तर ही चाचणी करूच नका. चालताना सोबत कुणीतरी हवं, दोघांनाही मास्क.

स्टेरॉइडबद्दल स्पष्ट सांगते, आत्ता नको. २०२० च्या ‘रिकव्हरी’ नावाच्या ब्रिटिश औषध-चाचणीत डेक्सामेथासोन या स्टेरॉइडचा फायदा ऑक्सिजन लावावा लागलेल्या रुग्णांना झाला. ज्यांना ऑक्सिजनची गरज नव्हती त्यांना झाला नाही. शिवाय साखर वाढते. डॉक्टरांनी लिहून दिल्याशिवाय एकही गोळी नको.

रानजाई
हात गरम करून मोजलं, तीनदा ९६ आलं. श्वास मिनिटाला १८. पालथं झोपवलं तर उपयोग होतो का?

उत्तररात्र
छान, हा आकडा विश्वासाचा आहे. ऑक्सिजन ९४ च्या खाली गेला तर बेड मिळेपर्यंत पालथं झोपवणं कामी येतं. एक उशी मानेखाली, एक-दोन छातीपासून मांडीच्या वरच्या भागापर्यंत, दोन नडगीखाली. मग कुशी बदलत राहायचं, एका स्थितीत अर्धा ते दोन तास. जेवणानंतर तासभर नाही. हृदयाचा गंभीर आजार, मणक्याची दुखापत किंवा पायात रक्ताची गाठ असेल तर करू नये. पालथं झोपून आकडा ९५ वर आला म्हणून हॉस्पिटलला जाणं मात्र पुढे ढकलू नका. उताणे झाले की तो परत उतरतो.

काजवा
वहीत वेळ, ताप, ऑक्सिजन, नाडी, श्वास असे पाच रकाने आखा, फोनवर डॉक्टर हेच विचारतात. आणि यंत्र घरात दुसऱ्या कुणी वापरणार असेल तर आतली गादी स्पिरिटच्या बोळ्याने पुसून पूर्ण वाळू द्या. फवारा थेट मारू नका, आतला सेन्सर खराब होतो.