जॉन मॅक्लॉफ्लिन: इतकी बिऱ्हाडं बदलली, मुरला कुठे?

खर्ज:
गेले काही आठवडे ब्रिटिश गिटारवादक जॉन मॅक्लॉफ्लिनला क्रमाने ऐकतोय, १९६९ च्या 'एक्स्ट्रापोलेशन'पासून २०२३ च्या 'धिस मोमेंट'पर्यंत. माझं मत आडपडदा न ठेवता सांगतो: या माणसाने 'शक्ती' हा भारतीय वादकांबरोबरचा आपला बँड सोडायला नको होता.

शक्तीचा १९७६ चा पहिला अल्बम लावा. 'जॉय' हा तुकडा अठरा मिनिटांचा आहे. त्यात गिटार आणि एल. शंकर यांचं व्हायोलिन एकाच वेळी अशा तानेवर सुटतात की वाद्यं दोन आहेत हे विसरायला होतं. जोडीला झाकीर हुसेन यांचा तबला आणि विक्कू विनायकराम यांचा घटम. त्यानंतर संथ 'लोटस फीट', डोळे मिटून ऐकावं असं. या कामासाठी त्याने गिब्सनकडून खास गिटार घडवून घेतली होती. मुख्य तारांखालून तिरक्या जाणाऱ्या, न छेडताच गुंजणाऱ्या सात तरफेच्या तारा, आणि पडद्यांमधलं लाकूड कोरून काढलेलं, म्हणजे बोटाने तार खोलवर ओढता यावी. एवढी तयारी करून तीन अल्बम केले आणि १९७७ नंतर मोडलं बिऱ्हाड! मग पुन्हा विजेची गिटार, मग पाको दे लुसिया आणि अल दि मिओला या गिटारवादकांची साथ, मग गिटार आणि वाद्यवृंदासाठी कन्चेर्तो, मग जॅझ पियानोवादक बिल एव्हान्सच्या रचना. भाराभर चिंध्या म्हणणार नाही, कारण यातलं प्रत्येक काम कसदार आहे. पण लोणचं बरणीत राहिलं तरच मुरतं.

उठाण:
साफ असहमत. १९७७ ला शक्ती थांबली हे खरं, पण १९९७ साली ती 'रिमेंबर शक्ती' म्हणून पुन्हा उभी राहिली. सुरुवातीला हरिप्रसाद चौरसिया, नंतर यू. श्रीनिवास यांचं मॅन्डोलिन, विनायकरामांचे चिरंजीव सेल्वागणेश, शंकर महादेवन. डिसेंबर २००० मध्ये मुंबईत झालेल्या मैफलींचा अल्बम तर आपल्यातल्या अनेकांच्या घरी असेल. श्रीनिवास २०१४ मध्ये गेले, तरी पुढे शक्ती पुन्हा जमलीच. 'धिस मोमेंट'ला २०२४ साली ग्रॅमी मिळालं तेव्हा जॉन ८२ वर्षांचा होता. पहिल्या शक्तीपासून मोजलं तर जवळपास पन्नास वर्षं. झाकीरभाईंशी इतकी वर्षं टिकलेल्या सोबतीला तुम्ही न मुरणं म्हणता?

मंद्र:
खर्ज, तुमच्या बाजूने एक मुद्दा. मला त्याच्या वेगाचा त्रास होतो. प्रत्येक स्वर स्वतंत्र आघाताने, बंदुकीच्या गोळ्यांसारखा. एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाणारी मींड कुठे आहे? श्वास कुठे आहे? पाको, अल आणि जॉन यांच्या, १९८० मध्ये ध्वनिमुद्रित झालेल्या 'फ्रायडे नाइट इन सॅन फ्रान्सिस्को'चा तो प्रसिद्ध पहिला तुकडा ऐका. तीन तयारीचे वादक, आणि नुसती शर्यत.

तरफ:
मंद्र, एक दुरुस्ती. त्या पहिल्या तुकड्यात जॉन वाजवतच नाही! तिथे फक्त पाको आणि अल आहेत. जॉन आणि पाको एकत्र ऐकायचे असतील तर त्याच अल्बमवर एग्बर्तो जिस्मोंतीची 'फ्रेव्हो रासगादो' आहे. तिथे वेग आहे, पण संवादही आहे. एकाने वाक्य टाकलं की दुसरा ते उचलून वळवतो.

राहिला श्वासाचा मुद्दा. १९६९ च्या फेब्रुवारीत, न्यूयॉर्कमध्ये नवखाच असताना, तो जॅझ ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिसच्या 'इन अ सायलेंट वे' या अल्बमसाठी वाजवायला बसला. माइल्सने मूळ रचनेतले कॉर्ड काढून टाकले होते, खाली फक्त 'ई' हा एक स्वर धरलेला. गिटार येतच नाही असं समजून वाजव, असं माइल्स म्हणाल्याचं जॉन स्वतः सांगत आला आहे. त्याचं काय झालं ते ऐका: तो स्वर चाचपत जातो, मध्ये थांबतो, काळोख्या खोलीत हाताने भिंत शोधावी तसा. गोळीबार करणारा माणूस असं वाजवू शकेल?

आणि ती कोरलेली गिटार. मी तशी एक हाताळली आहे. बोट जरा जास्त दाबलं की स्वर चढतो, बेसूर व्हायला क्षण लागत नाही. हातातली वीस वर्षांची सवय बाजूला ठेवून पहिल्यापासून शिकावं लागतं. जॉनने त्याआधी वेस्लियन विद्यापीठात एस. रामनाथन यांच्याकडे वीणेचे धडे घेतले होते, तेही त्याच्या महाविष्णू ऑर्केस्ट्रा या जॅझ-रॉक बँडचं नाव सगळीकडे गाजत असताना. माझ्या लेखी मुरणं ते हेच. माणूस किती ठिकाणी गेला यापेक्षा तिथे शिष्य म्हणून बसला की पाहुणा म्हणून, हे मी बघतो.

मंद्र:
दुरुस्ती मान्य. चुकीचा तुकडा डोक्यात होता. पण महाविष्णूबद्दलचं मत कायम आहे. दोन मानांची गिटार, कानठळ्या बसवणारा आवाज, अठरा मात्रांची आवर्तनं. मला ते संगीतापेक्षा शक्तिप्रदर्शन वाटतं.

उठाण:
अठरा मात्रांवर झुलता येतं हो, सवय लागते! आपल्या कानांना तर ते जड जाऊ नये. आणि त्यातला लयीचा विचार वरवरचा नव्हता. पुढे २००७ मध्ये त्याने सेल्वागणेशबरोबर कोन्नक्कोल, म्हणजे कर्नाटक संगीतातली बोल म्हणण्याची कला, शिकवणारी डीव्हीडी काढली. तोंडाने बोल म्हणत, हाताने ताल धरत बसलेला जॉन एकदा बघाच. त्याच्या नंतरच्या 'फोर्थ डायमेन्शन' या बँडमध्ये ड्रमवर आपले रणजित बारोट होते, तेही बोल म्हणतात.

खर्ज:
पन्नास वर्षांच्या सोबतीचा मुद्दा मी कमी लेखला होता, तो मागे घेतो. शिष्य आणि पाहुणा हा फरकही पटला. पण मग संगीतकार म्हणून बोलू. झाविनुल, शॉर्टर या जॅझ संगीतकारांच्या रचना दुसरे वादक सर्रास वाजवतात. मॅक्लॉफ्लिनची अशी कोणती रचना त्याच्या बोटांशिवाय जगते? कन्चेर्तो मी दोनदा ऐकलं. त्याचं वाद्यवृंदासाठीचं लेखन मायकेल गिब्सने केलं, आणि मला तरी वाद्यवृंद गिटारमागे उभ्या केलेल्या पडद्यासारखा वाटला.

तरफ:
कन्चेर्तोबद्दल भांडणार नाही, मलाही ते लांबलेलं वाटतं. पण 'यू नो, यू नो' घ्या, महाविष्णूच्या १९७१ च्या 'इनर माउंटिंग फ्लेम'वरची. गिटारवर मोजक्या स्वरांची एक आकृती, पुन्हा पुन्हा तीच, मध्ये मोकळी जागा. त्या जागेत बिली कोबहॅमचे ड्रम बोलतात. रॉक गिटारवादक जेफ बेकने ती मंचावर वाजवली. मॅसिव्ह अटॅक या ब्रिटिश बँडने १९९१ साली तिचाच तुकडा उचलून 'वन लव्ह' बांधलं, ज्यात गिटारवादकाचा पराक्रम नावालाही नाही. मंद्र, तुम्ही श्वास विचारलात ना? तो इथे आहे, आणि तुम्हाला नकोशा वाटणाऱ्या त्याच बँडमध्ये.

मंद्र:
आत्ता ऐकली. दोनदा. आघात तसाच टोकदार आहे, पण मधली शांतता खरी आहे. उरलेला अल्बम उद्या शांतपणे ऐकेन, मत बदलेलच असं नाही.

खर्ज:
'यू नो, यू नो' मान्य, चांगलं उदाहरण. तरी एक सल आहे ती आहेच. १९९७ नंतरच्या शक्तीत तो विजेची गिटार घेऊन बसला, 'धिस मोमेंट'मध्ये तर बराचसा गिटार सिंथ, म्हणजे गिटारवरून वाजवलेले सिंथेसायझरचे आवाज, आहे. ती तरफेची गिटार परत आली नाही. १५ डिसेंबर २०२४ ला झाकीरभाई गेले, त्या रात्री मी 'लोटस फीट'च लावलं होतं. गिटारचा स्वर थांबल्यावर तरफा काही क्षण मागे गुणगुणत राहतात. मला तेवढंच आणखी ऐकायचं होतं.