रत्नागिरी: आरे-वारेचा रस्ता
रत्नागिरीहून गणपतीपुळ्याला सायकलने कसं जावं, या प्रश्नावर कोणीतरी निवळीमार्गे जायचा सल्ला दिलाय. गाडीला ठीक, सायकलला नको. लांब पडतं, शिवाय हातखंबा-निवळीला हायवेचे ट्रक. त्यापेक्षा शिरगाव, साखरतर, आरे-वारे हा किनाऱ्याचा रस्ता बरा. साधारण 25 किलोमीटर, पण आकड्यावर जाऊ नका! खाडीपाशी उतरायचं की पुन्हा सड्यावर, म्हणजे वरच्या खडकाळ पठारावर, चढायचं, हाच खेळ. आरे-वारेच्या चढावर मी फोटोच्या निमित्ताने थांबतो. खरं कारण धाप. उन्हाळ्यात दुपारी वायव्येचा वारा सुटतो, तो परतताना पाठीशी मिळतो. पावसाळ्यात मात्र झाडीतल्या उतारांवर ब्रेक जपून, शेवाळ असतं. भाट्याचा पूल ओलांडून पावस गावाला जाणंही छान, पण तिथेही चढ आहेच. सपाट हवं असेल तर कोकणात कशाला येताय?