जिगसॉ पझल आणि घरची माणसे : तुमचे अनुभव लिहा

चौकट

गेल्या आठवड्यात कपाटाचा वरचा खण आवरताना हजार तुकड्यांचे एक जुने जिगसॉ पझल सापडले. झाकणाच्या आतल्या बाजूला बाबांच्या अक्षरात पेन्सिलीने तारखा लिहिलेल्या आहेत. जेव्हा जेव्हा हे चित्र पूर्ण झाले तेव्हाची तारीख, आणि तिच्यापुढे त्या वेळी टेबलाभोवती जे होते त्यांची आद्याक्षरे. पहिल्या तारखेपुढे चार अक्षरे आहेत : बाबा, आई, दादा आणि मी. शेवटच्या तारखेपुढे दोनच उरली आहेत, बाबांचे आणि माझे, कारण तोवर दादा शिकायला बाहेर पडला होता आणि आईने डोळ्यांना त्रास होतो म्हणून बसणे सोडले होते. बाबांना जाऊन आता सहा वर्षे झाली.

खोक्यावर हजार असे छापलेले असले, तरी प्रत्यक्षात हे चित्र ३८ गुणिले २७, म्हणजे १०२६ तुकड्यांचे आहे. मी दहा वर्षांची असताना बाबांनी मला ते मोजायला लावले होते : कडेचे १२६ आणि आतले बरोबर ९००. बाबा मितभाषी होते. समोर बसवून त्यांनी मला कधी काही विचारले नाही, पण दोघांच्याही नजरा टेबलावर असल्या की ते बोलत. मी निवडलेला अभ्यासक्रम मला झेपत नव्हता, आणि "तुला हे सोडून द्यावेसे वाटते का?" हा प्रश्न त्यांनी मला अशाच एका संध्याकाळी, आभाळाचा एक तुकडा बोटांत फिरवत, माझ्याकडे न पाहता विचारला. त्यांनी माझ्याकडे पाहिले असते, तर मी खरे उत्तर देऊ शकले नसते.

तुमच्या घरी कोण बसत असे, किंवा अजून बसते, ते कृपया लिहा.

रेघ

माझ्या धाकट्या भावाला लाल आणि हिरवा रंग वेगळे दिसत नाहीत, आणि हे आम्हाला प्रथम जिगसॉच्या टेबलावरच कळले. आम्ही रंगांप्रमाणे ढीग करत होतो आणि तो हिरव्या गवताच्या ढिगात लाल छपराचे तुकडे टाकत होता. सुरुवातीला त्याला सगळे रागावले. पुढे आईने त्याला वेगळे काम दिले, ते म्हणजे आकार लावणे. नेहमीच्या चौरस कापाच्या चित्रात आतल्या तुकड्यांचे सहाच प्रकार होतात : चारही बाजूंना खुंट्या असलेला, चारही बाजूंना खाचा असलेला, तीन खुंट्यांचा, एका खुंटीचा, आणि दोन खुंट्यांचे दोन प्रकार, एकात त्या समोरासमोर असतात तर दुसऱ्यात शेजारी. भाऊ हे सहा ढीग करून ठेवी. एकाच निळ्या रंगाचे आभाळ आले की आम्ही थांबत असू, आणि तिथून पुढे तो एकटा जुळवत जाई. रंग आमच्या काही कामाचा उरत नसे, त्या वेळी आम्ही सगळे त्याच्यावर विसंबून असू, आणि त्याचा त्या वेळचा चेहरा मला आजही आठवतो.

पुनश्च

आमच्या आजीचा नियम असा होता की पहिला दिवस झाकण पालथे ठेवायचे आणि चित्र कशाचे आहे ते कोणी पाहायचे नाही. एकदा आम्ही दोन दिवस ज्याला ढग समजत होतो, तो बर्फाचा डोंगर निघाला.

शांतवेळ

मी हे दुपारी आई झोपली असताना लिहीत आहे, त्यामुळे मध्येच थांबावे लागले तर क्षमा करावी.

माझ्या आईला विस्मरणाचा आजार आहे. पूर्वी ती पाचशे तुकड्यांचे चित्र एकटी लावत असे. आजार वाढू लागला तेव्हा मी नेहमीचेच खोके तिच्यापुढे ठेवत राहिले, आणि ती एकच तुकडा हातात धरून बराच वेळ बसून राही, मग उठून जाई. तिला आता आवड उरली नाही, असा अर्थ मी काढला आणि ती माझी मोठी चूक होती. तिची आवड शाबूत होती, परंतु टेबलावर एकाच वेळी इतके तुकडे पाहून तिला सुरुवात कुठून करावी हेच सुचत नव्हते. मी शंभर तुकड्यांचे चित्र आणले, नंतर अठ्ठेचाळीस, आणि आता आम्ही मोठ्या, जाड, चोवीस तुकड्यांच्या चित्रावर आहोत. चित्र निवडताना एक पथ्य मी पाळते : ते लहान मुलांचे नसावे. पक्षी, फुले, होडी, असे मोठ्या माणसाला शोभेल असे काही असावे, कारण कार्टूनचे चित्र पुढे ठेवले त्या दिवशी आईने खोके हलकेच माझ्याकडे परत सरकवले होते. तिला शब्द सापडत नाहीत, पण आपल्याला लहान मूल समजले जात आहे हे तिला नीट कळते.

आता मी चार-पाच तुकडेच तिच्यासमोर ठेवते, बाकीचे माझ्याजवळ ठेवते, आणि झाकण तिच्या डाव्या हाताशी उभे करते. "हे कुठे बसेल?" असे विचारत नाही. प्रश्न विचारला की ती घाबरते. मी माझा एक तुकडा लावते आणि थांबते. काही वेळाने तिचा हात पुढे येतो. तुकडा बसला की ती त्यावर अंगठा दाबून दोनदा फिरवते, आणि ही तिची सवय माझ्या लहानपणापासून तशीच आहे. माझे नाव तिला रोज आठवत नाही.

चौकट

शांतवेळ, तुमचे लिहिणे वाचून मी बराच वेळ काही टंकू शकले नाही. अंगठा फिरवण्याची सवय टिकून राहिली, हे वाचून मनाला फार बरे वाटले. तुम्ही स्वतःचीही काळजी घ्यावी, एवढेच म्हणते.

तिसरा बाक

या खेळाची सुरुवात शिकवण्याच्या साधनापासून झाली, हे येथे सांगावेसे वाटते. १७६० च्या दशकात लंडनमधील जॉन स्पिल्सबरी या नकाशे कोरणाऱ्या कारागिराने नकाशे लाकडी फळीवर चिकटवून, देशांच्या सीमांवरून कापून, भूगोल शिकण्यासाठी विकायला सुरुवात केली. इंग्लंडचा राजा तिसरा जॉर्ज याच्या मुलांच्या शिक्षणाची देखरेख करणाऱ्या लेडी शार्लट फिंच यांनीही असे कापलेले नकाशे वापरले होते.

मुलगी आठ वर्षांची असताना मी तिच्यासाठी प्लायवूडवर नकाशा चिकटवून तो बारीक पात्याच्या आरीने कापला. तीन पाती तुटली आणि दोन बेटे भुशात गेली. ते काम वडील-मुलीने मिळून केले, ती वाळूचा कागद घासत होती. नकाशा वाचून पाठ न होणाऱ्या सीमा तिच्या बोटांना पाठ झाल्या : कोणत्या देशाची कड सरळ आहे, कोणाला लांब चोच आहे, कोणाला समुद्र मुळीच लागत नाही. ती आता वीस वर्षांची आहे आणि अजूनही सीमा आठवताना तिची बोटे हवेत हलतात.

खिडकीजवळ

हरवलेल्या तुकड्याबद्दल कोणी लिहिले नाही, म्हणून मी लिहिते. आमच्या चित्रात मध्यभागी एक भोक राहिले होते आणि धाकट्या मुलाने ते फार मनाला लावून घेतले होते, कारण खोके त्याच्या हातून पडले होते. पुठ्ठ्याचे तुकडे धारदार पोलादी पात्यांच्या साच्याखाली दाबून कापतात, आणि तो साचा महाग असल्यामुळे उत्पादक एकच साचा अनेक चित्रांसाठी वापरतात. हे कळल्यावर माझ्या पतीने त्याच उत्पादकाचे, तितक्याच तुकड्यांचे दुसरे चित्र काढले, वरून आणि डावीकडून ओळी मोजल्या आणि नेमक्या त्याच जागेचा तुकडा उचलून त्या भोकात ठेवला. तो चपखल बसला. दीपस्तंभाच्या भिंतीत झाडाची पाने दिसत होती, एवढेच. मुलाने त्या तुकड्याचा ठसा पुठ्ठ्यावर काढून घेतला, नवा तुकडा कापला, रंगवला आणि उसना तुकडा परत दिला.

नदीपार

खिडकीजवळ यांनी सांगितलेल्या याच गोष्टीवर आमचा एक सबंध हिवाळा गेला. मुलगा नोकरीसाठी दूर गेला, तेव्हा आम्ही एकाच चित्राची दोन खोकी घेतली, एक त्याच्याकडे आणि एक आमच्याकडे. रविवारी फोन समोर ठेवून आम्ही डावी बाजू लावत असू आणि तो उजवी. बोलण्यासारखे विशेष काही नसले, तरी फोन बंद करण्याची घाई कोणाला नसे, आणि त्याचे बरे चालले नाही हे मला त्याच्या बोलण्यापेक्षा त्याचे तुकडे ठेवण्याचे आवाज थांबल्यावरून कळे. सुटीत तो आला, तेव्हा आपला अर्धा भाग दोन फळ्यांमध्ये दाबून, पट्ट्यांनी बांधून घेऊन आला. दोन्ही अर्धे भाग मधल्या ओळीवर जुळले, जोड थोडा सैल राहिला. माझी पत्नी त्या जोडावरून हात फिरवत राहिली.

सहज

२०१९ मध्ये स्पेनमधील वायादोलिद येथे जिगसॉची पहिली जागतिक स्पर्धा झाली, आणि तिच्यात वैयक्तिक, जोडी व संघ असे प्रकार होते. ते वाचून आम्ही दोघी बहिणींनी पाचशे तुकड्यांवर घड्याळ लावून पाहिले. एकीने तुकडे सुलटे करून ढीग लावायचे आणि दुसरीने जुळवायचे, अशी वाटणी केली आणि वेळ झपाट्याने कमी होत गेला. काही आठवड्यांनी आमच्या लक्षात आले की आम्ही एकमेकींशी बोलेनाशा झालो आहोत. स्पर्धेत उतरणाऱ्यांबद्दल मला मनापासून आदर आहे, पण आम्ही घड्याळ काढून ठेवले.

रेघ

चौकट, तुमच्या आईंनी डोळ्यांमुळे बसणे सोडले असे तुम्ही लिहिले आहे, तेव्हा एक सुचवू का? डोक्यावरचा दिवा चकचकीत तुकड्यांवर परावर्तित होतो आणि त्याचा फार त्रास होतो. दिवा बाजूला, टेबलापेक्षा थोडा उंच ठेवावा आणि चित्राखालची फळी पुस्तकांचा आधार देऊन त्यांच्याकडे किंचित उतरती करावी, म्हणजे वाकावे लागत नाही. चुकीचा तुकडा बसवला गेला असेल, तर बाजूच्या उजेडात त्याच्या कडेला सावलीची बारीक रेघही दिसते.

पुनश्च

आणि ढीग ठेवण्यासाठी फिकट, एकरंगी कापड अंथरावे. नक्षीच्या कापडावर तुकडे हरवतात.

चौकट

दोघांचेही आभार. काल दिवा बाजूला घेतला, फळी उतरती केली, आणि शांतवेळ यांच्यासारखे काहीही न विचारता मी कडेचे तुकडे वेचत बसले. आई दोन वेळा टेबलाजवळून गेली. तिसऱ्या वेळी चष्मा घेऊन आली आणि खुर्ची ओढून बसली. बराच वेळ तुकडे चाळल्यावर, नजर वर न करता, ती म्हणाली, "तू अभ्यासक्रम सोडलास तेव्हा त्यांनी मला रात्रभर जागे ठेवले होते. तुझ्यापुढे मात्र चकार शब्द काढायचा नाही, असे बजावले होते." हे मला ठाऊक नव्हते.

आज संध्याकाळी कडा पूर्ण झाल्या. १२६ तुकडे आहेत, एकही हरवलेला नाही. आई आता आभाळाचे सहा ढीग करत आहे आणि पेन्सिल कुठे ठेवली म्हणून मला विचारते आहे.