हॉलस्टाट: तळ्याकाठच्या फोटोपलीकडे

बऱ्याच जणांनी 'हॉलस्टाटला दोन तास पुरतात, फोटो काढा आणि निघा' असं लिहिलंय. मला ते अजिबात पटत नाही. ऑस्ट्रियातलं हे गाव मिठावर उभं आहे. वरच्या डोंगरातल्या मिठाच्या खाणीत सुमारे 3400 वर्षांपूर्वीचा लाकडी जिना सापडलाय, इ. स. पू. 1344 च्या सुमारास तोडलेल्या लाकडाचा! मिठामुळे तो कुजलाच नाही. 1846 पासून खाणीचे अधिकारी योहान गेओर्ग रामसाउअर यांनी तिथली प्राचीन दफनभूमी खणली, जवळजवळ हजार थडगी. त्यांनी प्रत्येक थडग्याची नोंद ठेवून चित्रं काढून घेतली, त्या काळात हे फार दुर्मीळ. युरोपातल्या लोहयुगाच्या सुरुवातीच्या संस्कृतीला याच गावाचं नाव मिळालं.

गावात पक्का रस्ता आला तो 1890 मध्ये. तोवर होडी किंवा पायवाट. डोंगर आणि पाणी यांच्यामध्ये जागाच इतकी कमी, की काही वर्षांनी थडगी रिकामी करून पुन्हा वापरत. कवट्या मात्र उन्हात वाळवून, नाव आणि फुलापानांची नक्षी रंगवून जपत. चर्चजवळच्या अस्थिगृहात अशा सुमारे सहाशे रंगवलेल्या कवट्या आहेत. भीतीदायक वाटतं ऐकायला, पण आपल्या माणसांवरची माया आहे ती.

तेव्हा शक्य असेल तर मुक्काम करा. आणि व्हिएन्नाला जाणार असाल तर तिथलं निसर्गविज्ञान संग्रहालय चुकवू नका, उत्खननातल्या बऱ्याच वस्तू तिथे आहेत.