मदत हवी आहे: उत्तर फ्रान्स, सायकल + तंबू, पाच दिवस (अर्जंट)

घाटातला_वारा
नमस्कार मंडळी, जरा घाईत लिहितोय. कोणी उत्तर फ्रान्समधे सायकल आणि तंबू घेऊन फॅमिलीसकट गेलंय का? इंग्लंडमधल्या न्यूहेवनहून फ्रान्सच्या दिएपची बोट पकडायची, मग किनाऱ्याकिनाऱ्याने फेकां, एत्रता, ओंफ्लर आणि शेवटी रुआंला येऊन ट्रेनने परत दिएप असं आखलंय. २५० किमीच्या आत बसतंय म्हणजे रोजचे ५०, आणि समुद्रकाठ म्हणजे सपाटच असणार. प्रश्न एकच, कॅम्पसाईट आधी बुक कराव्या लागतात की जाऊन मिळतात? बोटीचं तिकीट आज रात्री काढतोय, दर वाढत चाललेत. लवकर सांगा.

अंजू_केंट
आम्ही तीनदा गेलोय त्या बाजूला. पण कधी जाणार, कितीजण, मुलं असली तर केवढी, हे काहीच लिहिलं नाहीत. गाडी नेणार का नुसत्या सायकली?

घाटातला_वारा
अहो शाळेच्या सुट्टीत. मी, बायको, दोन मुलं. गाडी कशाला नेऊ, सायकल ट्रिप आहे. कॅम्पसाईटचं सांगा ना.

पंक्चरवाला
समुद्रकाठ सपाट?? राव नकाशात उंची पण बघायची असते. दिएप ते एत्रता सगळे खडूचे पांढरे कडे आहेत, आणि दर थोड्या अंतरावर त्या कड्याला खाच पडलीय, गाव त्या खाचेत. म्हणजे प्रत्येक गावात सुसाट उतरायचं आणि गावाबाहेर पडताना धापा टाकत चढायचं. एकेक चढ छोटा आहे पण दिवसात सहा-सात होतात, वर तंबूचं सामान. धाकट्याचं वय सांगा आधी.

घाटातला_वारा
मोठी ११, धाकटा ६. ती स्वतःची सायकल चालवते, हा माझ्या सायकलीला मागे टॅगअलाँगवर (मोठ्या सायकलीला जोडायची एका चाकाची छोटी सायकल). आणि चढाचं मला नका सांगू, कॉलेजात असताना दर रविवारी सायकलने सिंहगड करायचो.

पंक्चरवाला
सिंहगड तुम्ही केला होता, पोरीने नाही. आणि तेव्हा मागे पोरगं लटकवलेलं नव्हतं.

वऱ्हाडी_ठेचा
मी तर म्हणतो सरळ मों सां मिशेलला जा. आम्ही मागच्या वर्षी गेलो होतो, पोंतोर्सोंपासून नदीकाठी मस्त सायकलचा रस्ता आहे, समोर तो मठ सारखा दिसत राहतो, पोरं खूश. आयुष्यात एकदा तरी बघावंच.

अंजू_केंट
दिएपपासून ते तीनशे किलोमीटरच्या घरात आहे हो, पाच दिवसांत तंबू घेऊन कसे जातील?

वऱ्हाडी_ठेचा
आम्ही कारने गेलो होतो. मी फक्त सुचवलं.

अंजू_केंट
घाटातले दादा, माझं ऐका, किनारा सोडा. दिएपला उतरलात की आर्क-ला-बतायपर्यंत सात-आठ किमी जायचं, तिथून अव्हेन्यू व्हर्त सुरू होतो. लंडन ते पॅरिस असा जो सायकल रूट आहे त्याचाच हा तुकडा, जुन्या बंद पडलेल्या रेल्वेलाईनवर डांबरी रस्ता केलाय, फोर्ज-ले-ओपर्यंत साधारण ४५ किमी, एकही गाडी नाही. रेल्वेची लाईन म्हणजे चढ नावालाच, आणि जो आहे तो जाताना, येताना समुद्राकडे हलका उतार. मध्ये नफशातेल-आं-ब्रे लागतं, पत्त्यातल्या बदामाच्या आकाराचं चीज मिळतं ना ते तिथलंच. आम्ही तिथेच तंबू ठोकला आणि तीन रात्री हललोच नाही. सकाळी रिकाम्या सायकली घेऊन एकदा वरच्या बाजूला, एकदा खालच्या बाजूला. रोज तंबू सोडा-बांधा हे मुलांसोबत दोन दिवस बरं वाटतं, तिसऱ्या दिवशी दव पडलेला ओला तंबू घडी करताना नवराबायकोत बोलणं बंद होतं. स्वानुभव आहे.

पंक्चरवाला
अव्हेन्यू व्हर्त चांगला आहे पण एकसुरी आहे, दोन्ही बाजूला झाडं नाहीतर गायी. मी दिएपच्या ईशान्येला सोम नदीच्या खाडीवर जाईन. सां-वालेरी, ल क्रोतुआ, सगळं पाटासारखं सपाट, खाडीला वळसा घालून सायकल ट्रॅक आहे, ल उर्देलला वाळूवर पहुडलेले सील दिसतात, आणि खाडीभोवती जुनी वाफेची रेल्वे अजून चालते. सहा वर्षांच्या पोराला सील आणि कोळशाचं इंजिन पाहिजे का ताई तुमचं चीज?

अंजू_केंट
आणि दिएपहून तिथे जायचं कसं? मधे ल त्रेपोरच्या कड्याचे चढ तुम्ही पाठीवरून उचलून देणार का? आत्ताच तर चढाचं म्हणत होतात.

पंक्चरवाला
एक दिवस कष्ट. शिवाय तिकडे वारा बहुतेक पश्चिमेकडूनच असतो, म्हणजे जाताना पाठीवर.

अंजू_केंट
आणि येताना तोंडावर. परतीची बोट दिएपचीच आहे हे विसरू नका.

घाटातला_वारा
माझा ओंफ्लरचा प्लॅन कुठे गेला? ल हाव्रहून पूल ओलांडला की झालं ना, बायकोला ओंफ्लरच बघायचंय.

पंक्चरवाला
तो पूल म्हणजे पाँ द नॉर्मंदी. सायकलला परवानगी आहे, टोल पण नाही, पण चिंचोळी पट्टी, शेजारून ट्रक आणि मधे चांगलाच उंच चढ. मी एकटा गेलो तेव्हा राम राम म्हणत उतरलो. टॅगअलाँग घेऊन नाही म्हणजे नाही.

अंजू_केंट
ह्यावर मात्र पंक्चरवाल्यांशी शंभर टक्के सहमत.

खडकीकर
थोडं विषयांतर होईल पण राहवत नाही. उत्तर फ्रान्सला जाताच आहात तर नव्ह-शापेलला नक्की जा. पहिल्या महायुद्धात, २८ ऑक्टोबर १९१४ ला तिथे ४७ शीख पलटणीबरोबर आपल्या बॉम्बे सॅपर्सच्या (लष्करी इंजिनियरांच्या) २० आणि २१ नंबरच्या कंपन्या लढल्या, खडकीवरून गेलेली माणसं. आता तिथे भारतीय सैनिकांचं स्मारक आहे, १९२७ साली उभं राहिलं, ज्यांची कबर सापडली नाही अशा ४,७०० च्या वर जणांची नावं कोरलीत. आपल्या मुलांना शाळेत हे कोणी शिकवत नाही, इंग्लंडमधे तर नाहीच.

पंक्चरवाला
काका, जाण्यासारखं आहे, मी जाऊन आलोय. पण ते दिएपपासून दीडशे किमीच्या वर आहे.

खडकीकर
मी कुठे सायकलने जा म्हणालो. पुढच्या वेळी जातील.

लंडनची_चिमणी
सगळे रस्त्यावरच भांडताय, कागदपत्रांचं कोणी विचारलंच नाही. पासपोर्ट कुठले आहेत तुमचे?

घाटातला_वारा
माझा आणि मुलांचा ब्रिटिश. बायकोचा भारतीय, पण तिच्याकडे आयएलआर (ब्रिटनमधे कायम राहण्याचा परवाना) आहे, त्यामुळे प्रश्न नाही.

लंडनची_चिमणी
अहो प्रश्न आहे! आयएलआर इथे राहण्यासाठी, फ्रान्सला भारतीय पासपोर्टवर शेंगेन व्हिसा (युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून एकच असतो तो) लागतोच. फी ९० युरो, त्याचं काही नाही, पण उन्हाळ्यात अपॉइंटमेंट मिळता मिळत नाही. आणि त्यांना राहायच्या जागेचं बुकिंग दाखवावं लागतं, "जाऊन बघू" चालत नाही. मुलांचे पासपोर्ट पण बघा, परतीच्या तारखेनंतर तीन महिने शिल्लक पाहिजेत, लहान मुलांचे पाचच वर्षांचे असतात म्हणून लक्षात राहत नाही. बोटीचं तिकीट काढलं नाहीये ना अजून?

घाटातला_वारा
...नाही. थांबा, हिला विचारतो.

स्वयंपाकघर_ऑन_व्हील्स
तोवर खाण्याचं सांगते. तूप, पनीर, चीज, दूध पावडर, मटण-चिकनचं काहीही इंग्लंडमधून नेऊ नका, ब्रेक्झिटनंतर बंद झालंय. ताजा कढीपत्तासुद्धा नाही. पोहे, भाजणी, मेतकूट, सुक्या चटण्या न्या. तूप नाही म्हणून रडायचं कारण नाही, तिथलं लोणी घ्या आणि तंबूपुढेच कढवा, इतका सुंदर वास येतो की शेजारचे फ्रेंच काका वाटी घेऊन आले होते. गॅसचं मात्र बघा, सुपरमार्केटमधे बहुतेक कॅम्पिंगाझचे निळे डबे असतात, तुमची शेगडी स्क्रूची असेल तर ते बसत नाहीत.

अंजू_केंट
आणि हेल्मेट! १२ वर्षांखालच्या मुलांना फ्रान्समधे कायद्याने सक्तीचं आहे, २०१७ पासून. टॅगअलाँगवर बसलेल्यालाही.

घाटातला_वारा
मंडळी, बायको म्हणते तिने एप्रिलमधेच ऑफिसच्या ॲमस्टरडॅम ट्रिपसाठी शेंगेन काढलाय, डिसेंबरपर्यंतचा, मल्टिपल एंट्रीचा. मला तेव्हा सांगितलं होतं म्हणे. दोन पोळ्या कमी वाढल्यात आज. चालेल ना हा व्हिसा फ्रान्सला?

लंडनची_चिमणी
एकदा त्यावर नेदरलँडला जाऊन आल्या असतील तर चालायला हरकत नाही, पण स्टिकरवर मुक्कामाचे किती दिवस दिलेत आणि त्यातले किती उरलेत ते मोजा. आणि वहिनींची माफी मागा.

घाटातला_वारा
गेली होती, तीनच दिवस. मोजतो आता. ठीक आहे, नफशातेल फायनल, तीन रात्री एकाच जागी. ओंफ्लर नाही म्हटल्यावर हिने मान डोलावली, चीजचं सांगितलं तेव्हा जरा हसली. पण माझा मूळ प्रश्न तसाच राहिला हो, कॅम्पसाईट बुक करू का नको? २ ऑगस्टला निघायचंय.

अंजू_केंट
बुक करा. एकट्यादुकट्या सायकलवाल्याला कोपऱ्यात जागा मिळून जाते पण तुम्ही चौघं, तंबू मोठा, आणि १४ जुलै ते १५ ऑगस्ट अख्खा फ्रान्स सुट्टीवर असतो. नगरपालिकेच्या कॅम्पसाईट असतात, म्युनिसिपाल म्हणतात, त्या स्वस्त पडतात आणि बऱ्यापैकी स्वच्छ. दुपारी बारा ते दोन ऑफिस बंद असतं, त्या वेळात पोचलात तर बाहेर बसून राहाल. रविवारी दुपारनंतर किराणा मिळणार नाही. पहिल्या रात्रीचा ब्रेड बोटीवरून उतरल्यावर दिएपमधेच घ्या.

वऱ्हाडी_ठेचा
पुढच्या वर्षी मों सां मिशेलचा विचार करा पण.

घाटातला_वारा
करतो हो. बोटीची साईट उघडलीय आता, चार सायकली टाकायच्या का तीन? टॅगअलाँग वेगळी मोजतात का कोणाला माहितेय?